आईनं आणलेला आकडा

रामभाऊबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही, असं मी या वह्या भरायला घेतल्या तेव्हा ठरवलं होतं. रामभाऊ माझा सख्खा थोरला भाऊ. गेलेल्या माणसाचं भांडण उकरून काढणं शोभत नाही, असं आमची सूनबाई म्हणते. तिला काय जातंय म्हणायला. तिनं त्याला म्हातारपणी पाहिला, कानटोपी घालून ओट्यावर बसलेला. मी त्याला पंचविशीतला पाहिलाय. पण मोटारीबद्दल लिहायचं तर त्याला वगळता येत नाही, कारण त्या मोटारीची उजवी बाजू त्याची होती. डावी माझी. आम्ही दोघांनी मिळून ती बांधली, असं परंड्यातले जुने लोक अजून सांगतात. मिळून! तीन वर्षं आम्ही एकमेकांशी एक शब्द बोललो नव्हतो.

आमचा धंदा बैलगाड्यांचा. सुतारकी आणि लोहारकी दोन्ही एकाच आवारात चालायची. सकाळी भात्याचा फुसकारा सुरू झाला की त्यावरच घर जागं व्हायचं. मग ऐरणीवर पहिला घाव पडायचा, आणि आत चुलीपाशी आई भाकरी थापायला बसायची. तिचे तळहात आणि आबांचा हातोडा कधीकधी एका तालात चालत. आबा म्हणजे आमचे वडील. हात सोन्याचा, जीभ कात्रीसारखी. पुढं त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, तरी लाकडावरून नुसता तळवा फिरवून ते कुठं फुगलंय, कुठं बसलंय ते सांगायचे. गाड्यांची मापं मात्र त्यांच्या लक्षात राहात नसत. ती आईच्या डोक्यात होती. आई एक अक्षर शिकलेली नव्हती, पण कुणाच्या गाडीचं चाक किती, कुणाची आस किती, हे पाच-पाच वर्षांनी विचारलं तरी ती पीठ मळता मळता सांगायची आणि ते चुकायचं नाही. गिऱ्हाईकं वाद घालायला लागली की आबा आत तोंड करून ओरडायचे, "अगं, ह्येंचा आकडा सांग." आई सांगायची. वाद मिटायचा. त्या घरात तिला मान म्हणून जो काही होता तो एवढाच, आणि तिला त्याचा लई अभिमान होता.

रामभाऊ कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात फिटर होता. मला आठवीतून काढून आबांच्या हाताखाली घातलं ते तो तिकडं गेला म्हणून. चार वर्षांनी तिथल्या कुणाशी तरी वाजलं आणि हा पेटी घेऊन परत आला. आला तो साहेब होऊन. खाकी विजार, खिशात पितळी बिजागरीची, दोन फुटांची घडीची फूटपट्टी. आमचा गज, म्हणजे आबांच्या आज्याच्या हातचा सागवानी गज, त्यानं हातात घेतला आणि हसून परत ठेवला. "ह्यो घेऊन अजून किती दिवस बसनार?" म्हणाला. चोवीस तसूंचा तो गज, त्यावर पितळेच्या खुणा मारलेल्या. मी त्याच गजावर हात बसवलेला. त्या दिवसापासून मी ठरवलं, मरेन पण त्याच्या पट्टीला हात लावणार नाही.

अबोला धरला तो मात्र एका गाडीवरून. मी एकट्यानं बांधलेली पहिली गाडी न्यायला गिऱ्हाईक दारात आलेलं, आणि हा ओट्यावरून त्याच्यादेखत म्हणाला, "ही तीन मैलांत मोडंल बघा." ती चौथ्या मैलावर मोडली. म्हणजे तो चुकलाच. पण सगळ्या पेठेत त्याचं बोलणं खरं ठरलं. मी त्याच्याशी बोलणं टाकलं, त्यानं माझ्याशी. मी सकाळी काम करायचो, तो दुपारनंतर. मी आधी जेवायचो, तो मागनं. एकाच तव्यावरची ज्वारीची भाकरी, एकाच खलबत्त्यातली शेंगदाण्याची चटणी, पण दोन पंगती. आई दोनदा वाढायची आणि मधल्या मधे निरोप पोचवायची. "किसना, त्यो म्हनतोय कोळसा संपलाय." "रामा, किसनाचं म्हननं, ऐरनीजवळ पानी सांडू नगंस." एक निरोप ती विसरली नाही, एक शब्द तिनं इकडचा तिकडं केला नाही. ती नसती तर आम्ही तीन दिवसांत एकमेकांच्या अंगावर गेलो असतो, किंवा तीन दिवसांत बोलायला लागलो असतो. आता वाटतं, तिनं ते काम करायलाच नको होतं. पण तेव्हा आम्ही तिला राबवून घेतली, दोघांनीही.

मोटार नवाबसाहेबांची. निजाम गेला, जहागीर गेली, नवाबसाहेब उरलंसुरलं सामान घेऊन हैदराबादला निघाले. त्यांच्या बग्ग्या, टांगे सगळे आबांनी सांभाळलेले. जाताना म्हणाले, "मिस्त्री, वो मोटर ले जाव. यहाँ सड जाएगी." तोवर ती सडलीच होती. शेडचं छप्पर तिच्यावर पडून खालचा सगळा लोखंडी सांगाडा वाकला होता, गंजून पापुद्रे सुटत होते. इंजिन मात्र शाबूत. ती विलायती मोटार आठ बैल लावून आमच्या आवारात ओढून आणली आणि काही वर्षं तशीच पडली. कोंबड्यांनी तिच्यात अंडी घातली.

एका पोळ्याला, बैलांची पूजा चालू असताना, आबांनी आम्हा दोघांना एकाच वेळी आवारात उभं केलं. आम्ही दोन टोकांना उभे राहिलो. आबा मोटारीच्या बाजूला तोंड करून बोलले, आमच्याकडं नाही. "ह्या मोटारीला नवा सांगाडा घाला. डावी बाजू धाकट्याची, उजवी थोरल्याची. औंदाच्या दसऱ्याला शिलंगनाला आपून चौघं हिच्यात बसून वेशीभाईर जायाचं. गाडी सरळ गेली, तर ह्ये घर एक ऱ्हाईल. न्हाय गेली, तर म्या मधी भिंत घालतो आन मोकळा हुतो." आई दारात बैलांची आरती घेऊन उभी होती. तिनं दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. त्या घराच्या दोन चुली होऊ नयेत, एवढंच तिला हवं होतं. आम्हाला काय हवं होतं? मला त्याचं नाक कापायचं होतं. त्याला माझं.

काम मात्र खरंच चांगलं झालं, हे कबूल करतो. बार्शीच्या जुन्या बाजारातून लोखंडी चॅनल आणले. रामभाऊ त्याला 'चासी' म्हणायचा, आबा 'सांगाडा' म्हणायचे. आईला घरात सांगाडा हा शब्द नको होता. ती 'बाज' म्हणायची, आणि दिसायचंही तसंच, न विणलेल्या लोखंडी बाजेसारखं. दोन लांब बाजू, मधे आडवे दांडे, जोडाला तापवून ठोकलेले रिव्हेट. मी सकाळी माझ्या बाजूचे रिव्हेट लाल करून ठोकायचो. दुपारी आतल्या खोलीत पडलो की त्याच्या बाजूचे घाव ऐकू यायचे. त्याचा घाव माझ्यापेक्षा हलका आणि नेमका पडायचा. मला ते कळायचं आणि त्या आवाजावर झोप लागायची नाही. सगळी मापं जुन्या सांगाड्यावरून दोरी धरून उचलली होती, त्यामुळं आकड्याचं काम कुठं पडलं नाही. दोरीला गज नको आणि पट्टीही नको.

आकड्याचं काम एकदाच पडलं. मागची जुनी आस मोडकी निघाली, म्हणून रामभाऊनं एका लष्करी ट्रकची आस आणि कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगा, मिळवले. ते जुन्या जागी बसेनात. कमानपाटे टांगायचे लोखंडी कान पुढं सरकवावे लागणार होते. त्यानं हिशेब केला आणि आईकडून निरोप धाडला. आई ओल्या हातानंच बाहेर आली. हाताला अंबाडीच्या भाजीचा वास येत होता. म्हणाली, "किसना, त्यो म्हनतोय, मागल्या टोकापासनं कानाचं भोक सोळावर घे." मी "बरं" म्हणालो. गज घेतला, सोळा तसू मोजले, भोक पाडलं, कान ठोकला. सोळा काय, हे विचारायला मला तोंड उघडावं लागलं असतं. आणि सोळा काय, हे सांगायला त्याला. आईला विचारून उपयोग नव्हता. तिच्या लेखी आमच्या आवारात आकडा एकच जातीचा होता.

अष्टमीच्या सकाळी मी माझ्या बाजूनं आस कमानीला आवळून घेतली. दुपारी त्यानं त्याच्या बाजूनं. संध्याकाळी घटापुढं कडकण्या बांधायला दोरा हवा म्हणून मी आवारातून चाललो होतो, तर मागची चाकं दिसली. डावं चाक पुढं होतं, उजवं मागं. चांगलं दोन बोटांवर फरक. उजव्या कमानीला पहारीनं ओढून बसवल्याचे ओरखडे ताजे होते. म्हणजे त्यालाही दुपारीच कळलं होतं आणि त्यानं गप्प बसून पहार लावली होती. मला काय वाटलं, ते जसंच्या तसं लिहितो. मला आनंद झाला. चुकला साहेब, असं वाटलं. दसऱ्याला सगळ्या गावादेखत चुकू दे. मी दोरा घेऊन आत गेलो आणि दोन घास जास्त जेवलो. तोही त्या दिवशी चांगला जेवला, असं आई दुसऱ्या दिवशी कौतुकानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी आमच्यात हत्यार उचलत नाहीत. पहाटेच आईनं सगळी हत्यारं धुऊन पाटावर मांडली होती. हातोडे, छिन्न्या, पटाशी, करवत. सगळ्यांना हळदकुंकू, झेंडूचं एकेक फूल. आबा मोटारीला झेंडूचं तोरण बांधायला गेले. डोळ्यांनी दिसत नव्हतं म्हणून तोरणाची दोरी पुढच्या कोपऱ्यातून मागच्या चाकापर्यंत हातानं चाचपत नेली, गाठ मारून खूण केली, मग दुसऱ्या कोपऱ्यातून तशीच. थांबले. पुन्हा नेली. मग दोरी हातातच धरून म्हणाले, "दोघंबी हिकडं या." आम्ही आलो. आई पाटापाशी कुंकवाचा करंडा घेऊन बसली होती.

"गाडी तिरपी हाय. कुनाचं चुकलं?"

रामभाऊ म्हणाला, "डावी बाजू कुनाची हाय, त्येला इचारा, आबा."

मी म्हणालो, "आकडा ज्येनं धाडला, त्येला इचारा."

"म्या बराबर आकडा धाडला," तो म्हणाला. "तिथं पोचूस्तवर त्येचं काय झालं, ते मला काय ठाव?"

कुणी आईचं नाव घेतलं नव्हतं. पण आबांचं तोंड तिच्याकडं वळलं. तिचा हात करंड्यात तसाच राहिला. "रामा, सोळाच म्हनलावतास न्हवं तू?" तिनं विचारलं. तो पाटाकडं बघत होता. तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं. "किसना, म्या तुला काय सांगितलं व्हतं? सोळाच न्हवं?"

तो काय बघतोय म्हणून मीही पाटाकडं पाहिलं. पूजेला मांडताना आईनं आबांचा गज आणि रामभाऊची फूटपट्टी, घडी उलगडून, शेजारी शेजारी ठेवली होती. दोन्हींचं एक टोक पाटाच्या कडेला जुळवलेलं. दोन्हींवर चोवीस घरं. आणि गज पट्टीच्या पुढं तीन बोटं निघालेला होता. प्रत्येक घरावर आईनं कुंकवाचं बोट लावलेलं, त्यामुळं लहान पोरालाही दिसलं असतं की पट्टीचं सोळावं घर गजाच्या सोळाव्या घराच्या किती अलीकडं आहे. त्यानं इंच धाडले होते, मी तसू घेतले होते. आईनं आणला तो आकडा बरोबर होता. त्याला ते दिसलं, मला ते दिसलं, आणि त्याला दिसलंय हे मला दिसलं. जिला वाचता येत नव्हतं ती आमची आई, आणि ज्यांना दिसत नव्हतं ते आमचे आबा, दोघंच वाट बघत राहिली.

'सोळाच' असं मी म्हणालो असतो, तर पुढचा प्रश्न आला असता, सोळा काय? आणि गजाचा हट्ट माझा होता. चूक माझ्याकडं आली असती. रामभाऊ नुसता 'इंच' म्हणाला असता, तर आकडा अर्धवट धाडला म्हणून त्याच्याकडं गेली असती. मी म्हणालो, "आता ध्यानात न्हाय."

आईनं करंडा खाली ठेवला. "मग माझंच चुकलं आसंल," ती म्हणाली. "डोस्कं काम दीना झालंय."

दुरुस्ती अर्ध्या दिवसाची होती. चार रिव्हेट छिन्नीनं उडवायचे, नवं भोक पाडायचं, कान मागं घ्यायचा. पण छिन्नी पाटावर होती, आणि आबा हत्यार उचलू देणारे नव्हते. "हाय तशी जाईल," ते म्हणाले, आणि पुन्हा दोरी बांधायला लागले.

दसऱ्याला आम्ही निघालो. मोटारीला वरचं अंग नव्हतंच. लोखंडी सांगाड्यावर फळ्या टाकलेल्या. चाक माझ्या हातात, शेजारी रामभाऊ, मागं आबा फेटा बांधून आणि आई नऊवारीचा पदर डोक्यावर घट्ट धरून. इंजिन पहिल्या झटक्यात लागलं. पेठेत माणसं दुतर्फा उभी. शंभर पावलं गेलो नसू, तोच कुणीतरी ओरडलं, "खेकडा आला रे!" गाडीचं तोंड एकीकडं आणि चाल दुसरीकडं. ती सारखी डावीकडं ओढत होती आणि मी सगळं अंग टाकून चाक उजवीकडं धरून होतो. रामभाऊनं एक हात लावला असता तर वेस गाठली असती. तो हाताची घडी घालून समोर बघत बसला होता. आणि मी त्याला 'धर' म्हणालो नाही. एका शब्दाचं काम होतं. वेशीच्या दगडाला गाडी घासली, फळी निसटली आणि इंजिन बंद पडलं. हसण्याचा जो गलका झाला तो माझ्या कानांत अजून आहे. आई उतरली. पदर सावरला, वेस चालतच ओलांडून गेली, शिलंगण करून आली आणि आम्हा दोघांच्या हातात आपट्याची पानं ठेवली. आम्ही एकमेकांना दिली नाहीत.

चार दिवसांत आवारात भिंत उभी राहिली. मोटार भिंतीच्या माझ्या बाजूला आली. ते अर्ध्या दिवसाचं काम मी कधीच केलं नाही. पुढं कुणाला विचारलं तर सुटे भाग मिळत नाहीत, असं सांगायचो.

भिंत आईनं सोसली असती. तिनं दोन्हीकडं जाणं-येणं ठेवलं, दोन्ही चुलींवर भाकरी थापल्या. पण निरोप नेणं तिनं सोडलं. आकडा सांगणं सोडलं. गिऱ्हाईक आलं, आबांनी सवयीनं आत हाक मारली, "अगं, ह्येंच्या आसेचा आकडा सांग," तर ती बाहेर येऊन म्हणाली, "वहीत लिव्हून ठिवत जावा. माझ्या तोंडातनं काय बी निघतंय." ती दळायला ज्वारी काढताना तीन-तीनदा मापं मोजायची. सणाच्या तिथी शेजारणीला विचारायची. तिच्या डोक्यात सगळं जागच्या जागी होतं, मला खात्री आहे. फक्त तिचा त्यावरचा विश्वास उडाला होता. मी रोज जेवताना ते बघायचो. आणि रोज वाटायचं, सांगू. मग भिंतीपलीकडून त्याचा तो हलका, नेमका घाव ऐकू यायचा आणि मी म्हणायचो, आधी त्यानं सांगावं.

आई गेली तेव्हा दहाव्याला आम्ही सीनेच्या काठी गेलो. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, बाभळीवर पाच-सहा बसलेले; खाली येऊन पिंडाभोवती चालायचे आणि उडून जायचे. नातेवाईक एकेक करून पुढं होऊ लागले. म्हाताऱ्याला सांभाळू. नातीचं लग्न करू. दोघं भाऊ नांदतील. शेवटचं ऐकून कावळे आणखी लांब जाऊन बसले. तेव्हा मी मान वर केली, तर रामभाऊ माझ्याकडं बघत होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत. काय म्हणायचंय ते त्याला माहीत होतं, मलाही होतं. दोनच शब्द. कुणीही म्हटले असते तरी चाललं असतं. ऊन चढत गेलं. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला शिवला, आणि सगळे अंघोळीला उठले. आम्हीही उठलो.

रामभाऊ गेल्या थंडीत वारला. त्याच्या दहाव्याला कावळा लगेच शिवला म्हणे. मी गेलो नव्हतो. आबांचा गज माझ्या खोलीत खिळ्याला टांगलेला आहे. पाहुणे हातात घेऊन विचारतात, ही घरं कसली? मी सांगतो, तसू. इंचापेक्षा एका सुतानं मोठा असतो. हे सांगताना आता जीभ अडखळत नाही, इतकं सोपं आहे ते. पण ज्यांना सांगायचं होतं त्यातलं कुणी उरलं नाही, म्हणून या वहीत लिहून ठेवतो. आई सोळाच म्हणाली होती. माझ्या ध्यानात होतं.